आरोग्याची दिंडी एकट्याच्या पायाने चालत नाही

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात खामगाव मुक्कामी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोहळ्याच्या मंडळींनी आम्हाला सांगितलं, महाराज, या वेळी कीर्तन नको, भाषण करा. विषयही दिला. 'वारी आणि सार्वजनिक आरोग्य : शासन, संस्था व समाज यांचे सहकार्य.' आम्ही चौथीपर्यंत शिकलेलो. पोटासाठी शेती आणि देवासाठी कीर्तन, एवढा आमचा धंदा. हा विषय नुसता वाचतानाच दम लागला. मग विचार केला, की यातलं आपल्या रोजच्या बोलण्यातलं काय आहे? तर सहकार्य म्हणजे सावड. आणि सावड आम्हाला समजते.

मंडळी, शेतात दोन प्रकारे दुसऱ्याची मदत होते. एक बटई. शेत एकाचं, घाम दुसऱ्याचा. पेरताना दोघं हसतात आणि माल घरात यायच्या वेळी भांडतात. तुझा हिस्सा किती, माझा किती, खत कोणी घातलं, फवारा कोणी मारला. दुसरी सावड. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या वावरात. तिथे हिशेब असतो, नाही असं नाही, पण तो कामाचा असतो. सोमवारी तुझ्याकडे दोन माणसं आली तर गुरुवारी माझ्याकडे दोन आली पाहिजेत. सगळ्यांना ते तोंडपाठ असतं.

आमचं सांगणं एवढंच, की लोकांच्या आरोग्याचं काम सरकार आणि समाज यांनी बटईनं केलं की फसतं आणि सावडीनं केलं की साधतं. हे नुसतं म्हणून चालणार नाही, दाखले द्यावे लागतील. ते देतो.

पहिला दाखला पटकीचा. आजच्या पोरांना हा शब्दही माहीत नाही. कॉलरा म्हटलं की समजतं. आमच्या आधीच्या पिढीतले वारकरी सांगत, की पंढरीची वारी आणि पटकी ही जोडीनंच चालायची. सकाळी माणसाला ओकारी-हगवण सुरू झाली की संध्याकाळी तो राहील याचा भरवसा नसे. वाटेवरची गावं दिंडीला घाबरत. इंग्रज सरकारही यात्रेकडे संशयानेच पाहत असे. पुढे टोचणी आली. यात्रेला जायचं तर सुई घ्यावी लागे. म्हातारे सांगत, की लोक सुईला भिऊन आडवाटेनं जात. का भीत? कारण सुई कशाची आहे, का आहे, हे गावात बसून कोणी सांगितलेलं नव्हतं. शिपाई होता, सुई होती, समजूत नव्हती. हे बटईचं काम झालं.

आता सावडीचं ऐका. ही गोष्ट आम्हाला तळावर औषधं वाटायला येणाऱ्या एका डॉक्टरसाहेबांनी सांगितली, आणि ती आम्ही पुष्कळ कीर्तनांत दृष्टांत म्हणून वापरली आहे. १८५४ साल. लंडन शहर, सोहो नावाची वस्ती, ब्रॉड स्ट्रीट नावाची गल्ली. तिथे पटकी आली आणि काही दिवसांत शेकडो माणसं गेली. सगळे मोठे वैद्य म्हणत, की रोग घाणेरड्या हवेतून येतो. जॉन स्नो नावाचा एक डॉक्टर म्हणे, हवा नाही, पाणी. गल्लीतल्या हातपंपाचं पाणी जे पितात तेच मरतात. त्याने वस्तीच्या पंचांना सांगितलं, पंपाची दांडी काढा. पंचांना ते पुरतं पटलं नव्हतं, तरी त्यांनी ८ सप्टेंबरला दांडी काढली.

त्या वस्तीत एक तरुण धर्मोपदेशक होता, हेन्री व्हाइटहेड. आपल्या भाषेत त्यांच्या देवळाचा महाराज. त्याला डॉक्टरचं म्हणणं अजिबात पटलं नाही. तो म्हणाला, मी हे खोटं पाडतो. आणि तो घरोघर फिरला. त्याला लोक ओळखत, आतल्या गोष्टी सांगत. डॉक्टरला कोणी सांगितलं नसतं ते त्याला सांगत. फिरता फिरता त्याला दिसलं, की डॉक्टरच खरा आहे. एवढंच नाही, तर पंपाशेजारच्या घरात एक तान्हं लेकरू आधी आजारी पडलं होतं, आणि त्याच्या आईनं त्याचे लंगोट धुतलेलं पाणी घराच्या खड्ड्यात ओतलं होतं, तो खड्डा विहिरीला लागून होता, हेही त्यानेच शोधलं.

मायबाप, यात किती माणसं लागली पाहा. डॉक्टरकडे विद्या होती, घरात प्रवेश नव्हता. महाराजाकडे घरात प्रवेश होता, विद्या नव्हती. पंचांकडे दांडी काढायचा अधिकार होता, पण त्यांना रोगाचं मूळ माहीत नव्हतं. तिघांपैकी एक कमी असता तर गोष्ट अर्धी राहिली असती. आणि जो महाराज विरोधात उभा होता तोच पुढे सगळ्यात कामाचा ठरला. म्हणून आम्ही सरकारी माणसांना नेहमी सांगतो, की गावात तुम्हाला प्रश्न विचारणारा माणूस दिसला तर त्याच्यावर रागावू नका. त्याला बरोबर घेऊन फिरा.

तुम्ही म्हणाल, लंडन लांब आहे. मग नारू घ्या. आमच्या वयाच्या लोकांनी नारू पाहिला आहे. पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. माणूस ऐन पेरणीत खाटेवर. या नारूला लस नव्हती, गोळी नव्हती. इलाज दोनच. पाणी फडक्यानं गाळून प्यायचं, आणि नारू झालेल्या माणसानं पायऱ्यांच्या विहिरीत पाय घालायचा नाही. सरकारनं पायविहिरी बंद करून रहाट बसवले, हातपंप दिले, पाण्यात औषध टाकलं. पण फडकं घरातल्या बाईनंच हंड्याला बांधायचं होतं. ते साहेब बांधू शकत नव्हता. देशातला शेवटचा नारूचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. औषधाशिवाय एक रोग देशातून गेला. नुसत्या पंपानं तो गेला नसता आणि नुसत्या फडक्यानंही गेला नसता.

आता आपल्या माणसाकडे येऊ. शेंडगावचे गाडगेबाबा. आपल्या वऱ्हाडाचं भाग्य, की खराटा हातात घेणारा संत इथे झाला. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, ज्यांना कुठे उतरू देत नव्हते त्यांच्यासाठी. २० डिसेंबर १९५६ ला बाबा गेले. त्यांच्या नावानं २००० साली ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी ग्रामस्वच्छता अभियान काढलं. त्यात गंमत अशी होती, की झाडायला पैसे मिळत नव्हते. गावानं आधी श्रमदान करायचं, मग स्पर्धेत उतरायचं, मग बक्षीस. कित्येक गावं त्या वेळी आरशासारखी झाली. पण तपासणीची गाडी येऊन गेली आणि काही गावांत उकिरडे पुन्हा जागेवर आले. ज्या गावांनी काम गाडीसाठी केलं ती घसरली. ज्यांनी स्वतःसाठी केलं त्यांचं टिकलं. सावड एक दिवसाची नसते, बरं का. ती हंगामभर चालते.

आता जरा कठीण बोलतो. सोहळा आहे, गोड बोलावं अशी रीत आहे, पण शंभर वर्षांची दिंडी खरं ऐकण्याएवढी मोठी नक्कीच झाली आहे.

पंढरपुरात लाखो माणसं जमायची. त्यांची घाण कुठे जायची? चंद्रभागेच्या वाळवंटात, रस्त्याच्या कडेला. आणि ती कोण उचलायचं? आपलीच माणसं, हातानं, टोपलीनं. हातानं मैला उचलायला लावू नये असा कायदा १९९३ साली झाला, दुसरा २०१३ साली झाला, तरी यात्रेत हे चालूच होतं. शेवटी त्याविरुद्ध काम करणाऱ्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयानं पंढरपुरात संडास किती आहेत, मैला कोण उचलतं, हे सगळं विचारलं. वाळवंटात तंबू-राहुट्या ठोकायला मनाई झाली. तेव्हा आपल्या संप्रदायात केवढा गलबला झाला होता ते तुम्हाला आठवत असेल. पुष्कळांना वाटलं, परंपरेवर घाव आला. पुढे ठराविक दिवस वाळवंटात भजन-कीर्तनाला मोकळीक मिळाली आणि मुक्कामासाठी नदीपलीकडे आपण पासष्ट एकर म्हणतो तो तळ तयार झाला. पाणी, वीज, संडास, दवाखाना एका जागी.

आम्ही त्या वेळी कीर्तनात एकच विचारलं, आणि आजही विचारतो. ज्या चोखोबांची समाधी आपण नामदेव पायरीजवळ माथा टेकून पाहतो, त्यांच्याच वस्तीतल्या लेकराच्या डोक्यावर आपली घाण ठेवून आपण आत दर्शनाला जायचं, यात कोणती परंपरा आहे? संडास हा साहेबाचा हट्ट नाही. तो आपल्या धर्माचाच भाग आहे.

याच सुमाराला, २०१५ पासून, देहू-आळंदीच्या वाटेवर निर्मल वारीचं काम सुरू झालं. सरकारनं फिरते संडास दिले, सामाजिक संस्थांनी स्वयंसेवक दिले, कॉलेजची पोरं-पोरी आली, गावांनी जागा आणि पाणी दिलं, दिंड्यांनी आपल्या माणसांना सांगितलं. पहाटे तीन वाजता ती पोरं शिट्टी घेऊन उभी असायची. आजोबा, तिकडे नका जाऊ, इकडे सोय आहे. शिकलेलं पोर हात जोडून सांगतं म्हटल्यावर म्हातारा लाजून वळतो. नुसते डबे उभे करून हे झालं नसतं. डबा सरकारचा, पण वळवणारा हात समाजाचा.

हे झालं मोठ्या वाटेचं. आता आपल्या वाटेचं ऐका, कारण दुखणं इथे आहे.

आपण खामगावहून निघतो. चिखली, देऊळगाव राजा, जालना, बीड करत पंढरी गाठतो. देहू-आळंदीपेक्षा आपली वाट कितीतरी लांब. जूनचं ऊन, मराठवाड्यातली पाण्याची टंचाई. आणि कॅमेरा, मंत्री, फिरते संडास, दवाखान्याच्या गाड्या यांतलं फार थोडं या वाटेवर पोचतं. वऱ्हाडातून आणि खानदेशातून कितीतरी दिंड्या अशाच येतात. २०२४ साली सरकारनं मोठ्या पालख्यांबरोबरच्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर केले, चांगली गोष्ट आहे. पण पैशानं तंबू घेता येतो. बाईमाणसाला पहाटे जायला आडोसा आणि पाणी हे त्या-त्या गावातच लागतं, ते बरोबर बांधून नेता येत नाही.

आपल्या दिंडीत अर्ध्याहून जास्त बाया आहेत. एका मुक्कामी गावची आशाताई आली होती. पाय चेपत बसलेल्या एका म्हातारीला तिनं विचारलं, "माय, तोंड सुकलं तुमचं. पाणी काऊन पेत नाही?" म्हातारी म्हणाली, "पाणी पेलं का जा लागते, बाई. अन् जावं कुठं? दिवसभर रस्त्यानं माणसंच माणसं."

मंडळी, त्या एका वाक्यात सगळं सार्वजनिक आरोग्य आलं. बाई पाणी पीत नाही. मग उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, ताप येतो, चक्कर येऊन पडते. आपण म्हणतो ऊन लागलं. डॉक्टर सलाईन लावतो. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा पाणी पीत नाही, कारण आडोसा आजही नाही. रोगाचं मूळ उन्हात नाही, आडोशात आहे. आणि आडोसा काही दवाखान्यात मिळत नाही, तो ग्रामपंचायतीकडे मिळतो, शाळेकडे मिळतो. म्हणून डॉक्टर, सरपंच, हेडमास्तर आणि दिंडीचालक हे चौघं एका ठिकाणी बसल्याशिवाय त्या म्हातारीचा ताप उतरत नाही.

एके ठिकाणी आम्ही काय पाहिलं, तेही सांगतो. गावाचं नाव घेत नाही, त्या गावानं पंगत मनापासून दिली होती. संडास आणून उभे केले होते, फोटो निघाले होते, हारतुरे झाले होते. पण त्यांना कुलूप. किल्ली ज्याच्याकडे तो तालुक्याला गेलेला. पहाटे अंधारात बाया रस्त्याच्या कडेला गेल्या. एक माउली नालीत पडली, हात मोडला, तिची वारी तिथेच थांबली. संडास होते, पाणी होतं, पैसाही खर्च झाला होता. पण कोणाचं काम कोणतं हे ठरलेलं नव्हतं. किल्लीवाल्या माणसाचं नाव कोणाला माहीत नव्हतं.

आपल्या दिंडीत असं होतं का? पखवाज्यानं वीणा घेतली आणि विणेकरी पाणी आणायला गेला, असं कधी झालंय? विणेकऱ्याची जागा ठरलेली, टाळकऱ्यांच्या रांगा ठरलेल्या, चोपदारानं दंड वर केला की हजार टाळ एका क्षणात गप्प. सहकार्य कसं करावं हे शिकायला आपल्याला परगावी जायची गरज नाही. टाळ कसे जुळवायचे ते आपल्याला येतं. तेच आरोग्याच्या कामात करायचं.

म्हणून आपल्या दिंडीनं एक रीत पाडली. निघायच्या महिनाभर आधी प्रत्येक मुक्कामाच्या गावाला पत्र जातं. तीन प्रती. एक ग्रामपंचायतीला, एक प्राथमिक आरोग्य केंद्राला, एक शाळेच्या मुख्याध्यापकांना. पत्रात आधी आपलं सांगतो, मग त्यांना मागतो. आपलं म्हणजे काय? आम्ही कोणत्या तारखेला किती वाजता येणार, बाप्ये किती, बाया किती, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे किती. पिण्याचं पाणी आम्ही तोटीच्या पिंपात ठेवू, त्यात कोणी तांब्या बुडवणार नाही. आचारी हात धुऊनच कणकेला लागेल. जेवायला पळसाच्या पत्रावळी, थर्माकोल नाही. निघताना तळ झाडून निघू.

मग मागणं. विहिरीत किंवा टाकीत दोन दिवस आधी टीसीएल पावडर टाकून ठेवा. शाळेचे संडास उघडे ठेवा, तिथे पाणी आणि एक बल्ब द्या. किल्ली कोणाकडे ते नाव आणि फोन नंबर कळवा. संध्याकाळी आशाताई किंवा आरोग्यसेविका एक तास येऊन जावी. जवळची १०८ ची गाडी किती लांब आहे तेही लिहा.

काही गावं उत्तर देत नाहीत. आपला माणूस मोटारसायकलवर पुढे जाऊन भेटतो. भेटलं की काम होतं. एका सरपंचबाईंनी सांगितलं, महाराज, सरकारची पत्रं आम्हाला येतात ती नुसती मागतात. तुमच्या पत्रात तुम्ही काय करणार ते पहिल्यांदा लिहिलंय, म्हणून आम्ही बैठक बोलावली. हीच ती सावड.

आता याचा उपयोग किती झाला? इथे खोटं बोलून चालत नाही. दिंडीच्या औषधाच्या वहीत कोणाला काय झालं ते रोज लिहितात. पूर्वी हगवणीच्या नावांनी पानं भरत. आता तशी भरत नाहीत. पण हे एकट्या पत्रानं झालं असं आम्ही म्हणणार नाही. रस्ते सुधारले, नळ आले, पोरं शिकली, १०८ ची गाडी २०१४ पासून धावू लागली. कोणाचा वाटा किती ते तोलता येत नाही. एक मात्र वहीवरून दिसतं. ज्या गावांशी आधी बोलणं झालं तिथल्या मुक्कामानंतर दुसऱ्या दिवशी आजारी कमी, आणि जिथे बोलणं झालं नाही तिथे जास्त. म्हणून वही ठेवा. टाळ जुळला का ते कानाला कळतं, पण पाणी चांगलं होतं का ते वहीलाच कळतं.

करोनात काय झालं तेही आठवा. २०२० साली १ जुलैला आषाढी होती. पायी वारी बंद. पादुका एसटीनं पंढरीला गेल्या, मोजकी माणसं. आपल्यातल्या कित्येकांनी उंबऱ्यात बसून डोळे गाळले. पुढच्या वर्षीही तेच. पण संप्रदायाची वडीलधारी मंडळी आणि सरकार बसले, बोलले, आणि वारकऱ्यानं ते मानलं. का मानलं? कारण या वेळी शिपाई आणि सुई नव्हती, आधी चर्चा होती. पटकीच्या काळातून आपण किती पुढे आलो ते यात दिसतं.

तरी सगळं साधलं असं नाही. आपल्या शेजारचंच बघा. २०२४ सरता सरता आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस चार-आठ दिवसांत गळून टक्कल पडू लागलं. बाया-पोरींचेही. देशभर बातमी झाली. मोठमोठी पथकं आली. पाणी नेलं, केस नेले, रक्त नेलं. कधी पाण्याचं कारण ऐकू आलं, कधी बुरशीचं, कधी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमचं. डॉक्टर मंडळींनी मेहनत केली, त्यांना आमचा नमस्कार आहे. पण या गावांवरून आम्हाला एक शिकायला मिळतं. ज्यानं आपलं रक्त दिलं त्याला त्याचं उत्तर त्याच्या भाषेत, त्याच्या गावच्या पारावर मिळालं पाहिजे. नाही तर अफवा उत्तर देते. सोयरीक जुळवायला पाहुणे यायला भितात, पोरं शाळेत चिडवतात. नमुना नेणं ही अर्धी सावड झाली. दुसरा अर्धा भाग परत येऊन सांगण्याचा.

आणि आपला खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगानं, अमरावती, अकोला, बुलडाणा. विहीर खोदली तर पाणी खारं. मूत्रपिंडाचे आजार घरोघर ऐकतो. तिथे गोड पाणी लांबून नळानंच आणावं लागतं. नळ सरकारनं टाकायचा, पाणीपट्टी गावानं भरायची, गळती दिसली तर पहिल्या दिवशी सांगायची. यातलं एक जरी सुटलं तरी बाई पुन्हा खाऱ्या विहिरीवर. हाही सावडीचाच प्रश्न आहे, आणि तो वारीसारखा वर्षातून एक महिन्याचा नाही, रोजचा आहे.

एक शब्द शेतकरी म्हणून. वारीचे दिवस ते पेरणीचे दिवस. रस्त्याच्या कडेला ज्याचं वावर आहे त्याला दिंडी पुढे गेल्यावर काय मिळतं? पाण्याच्या बाटल्या, पिशव्या, पत्रावळी. औताला गुंडाळतात, ढोरं खातात. २०१८ पासून आपल्या राज्यात प्लॅस्टिकबंदी आहे, थर्माकोलची ताटं बंद आहेत, पण बंदी कागदावर आणि बाटली वावरात. तो शेतकरी पण आपला भागीदार आहे. त्याला कोणी पत्र लिहीत नाही. त्याला आपलं पत्र म्हणजे स्वच्छ ठेवलेला बांध.

आता मागणं सांगून थांबतो. तीन जणांकडे तीन मागणी.

सरकारकडे : मोठ्या पालख्यांची सोय केली, आता वऱ्हाड, खानदेश, मराठवाड्याच्या लहान दिंड्यांच्या वाटा कागदावर घ्या. आमच्या मुक्कामांची यादी आम्ही देतो. फिरते संडास सगळीकडे देता आले नाहीत तरी चालेल, शाळेचे आणि समाजमंदिराचे संडास चालू करून द्या. ते बाराही महिने गावालाच उपयोगी पडतील.

वाटेवरच्या गावांकडे : पंगतीत गोड नसलं तरी चालेल. आडोसा, पाणी, दिवा आणि किल्लीवाल्याचं नाव द्या.

आणि आपल्या दिंडीकडे : येत्या वारीपासून दोन माउल्या आरोग्याच्या चोपदार म्हणून नेमा. बाप्ये नको, बायाच. पाणी, संडास आणि औषधाची वही हे त्यांचं काम. त्यांनी हात वर केला की दिंडीचालकानंही थांबायचं, जसं चोपदाराच्या दंडापुढे थांबतो तसं. शेगावी संस्थानात सेवेकऱ्यांच्या पाळ्या लागतात आणि सगळं कसं लखलखीत राहतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तशाच पाळ्या आपल्याकडे लावू. झाडायची पाळी महाराजांनाही लागेल. आमचं नाव पहिल्या दिवशी लिहा.

दिंडी शंभर वर्षं चालली ती कोणा एकाच्या पायानं नाही. पुढची शंभर वर्षं चालायची असेल, तर जी म्हातारी पाणी प्यायला भिते तिला पोटभर पाणी पिता आलं पाहिजे, आणि तेवढ्याच समाधानानं पंढरीपर्यंत चालता आलं पाहिजे. ती चालली तर दिंडी चालली.